लिनक्स कर्नलमध्ये लॉक-फ्री कोड लिहिताना रेस कशी टाळायची

लॉक-फ्री कोड, म्हणजे लॉक न घेता सामायिक माहिती हाताळणारा कोड, लिहायची हौस बहुतेकांना वेगापायी लागते. स्पिनलॉक मंद आणि ॲटॉमिक (मध्येच न तुटणारी क्रिया) जलद, असं कुठेतरी वाचलेलं असतं. प्रत्यक्षात मोकळा स्पिनलॉक घ्यायला एक ॲटॉमिक सूचना पुरते. खर्च वाढतो तो एकाच कॅश लाइनवरून (कॅशमध्ये एकत्र हलणारा मेमरीचा तुकडा) अनेक कोअर भांडायला लागले की, आणि हे भांडण ॲटॉमिक काउंटरवरही तसंच होतं. तेव्हा लॉक काढायला घेण्याआधी त्या लॉकपाशी खरोखर वेळ जातोय का, हे 'पर्फ' (लिनक्सचं वेळ मोजायचं साधन) लावून मोजा. निम्म्या वेळा उत्तर 'नाही' येतं आणि हा लेख वाचायची गरजच उरत नाही.

लॉक टाळण्याची रास्त कारणं मोजकी आहेत. एनएमआय (रोखून न धरता येणारा इंटरप्ट) हँडलरमध्ये साधा स्पिनलॉक घेता येत नाही: ज्या कोअरने लॉक धरलाय त्याच कोअरवर एनएमआय आला आणि त्याने तोच लॉक मागितला, तर तो कायमचा फिरत बसेल. राउटिंग टेबलसारखी माहिती लाखो वेळा वाचली जाते आणि क्वचितच बदलते. तिथे वाचणाऱ्यांना लॉकचा भुर्दंड नको. शिवाय एकच टाकणारा आणि एकच काढणारा असलेल्या रांगेला लॉक लागतच नाही. तुमचं काम या तिघांपैकी एकात बसत असेल तर पुढे वाचा. सी भाषा, कर्नल मॉड्यूल बांधणं आणि स्पिनलॉकचा वापर एवढं येतं असं धरून चालतोय.

पायरी १: प्रत्येक जागेचा मालक ठरवा

कोडला हात लावण्याआधी कागद घ्या. सामायिक असलेलं प्रत्येक व्हेरिएबल, स्ट्रक्टमधलं प्रत्येक फील्डसुद्धा, एकेका ओळीवर लिहा. त्यापुढे तीन गोष्टी लिहा: कोण लिहितं, कोण वाचतं आणि कोणत्या संदर्भात (थ्रेड, सॉफ्टआयआरक्यू म्हणजे इंटरप्टचं मागे ठेवलेलं काम, इंटरप्ट की एनएमआय). 'कोण लिहितं' या रकान्यात दोन नावं आली की तिथे लाल खूण करा. माझ्या मते लॉक-फ्री कोडमधलं निम्मं काम या कागदावरच होतं. बॅरिअर (वाचण्या-लिहिण्याचा क्रम बांधणारी सूचना) वगैरे नंतरची गोष्ट.

लाल खुणेचं कारण एका काउंटरवर बघा. 'गणती++' दिसायला एक ओळ आहे, पण त्यात वाच, वाढव, लिही अशा तीन क्रिया आहेत.

```
कोअर ०                कोअर १
वाच   -> ४१
                      वाच   -> ४१
वाढव  -> ४२
                      वाढव  -> ४२
लिही  -> ४२
                      लिही  -> ४२
```

दोनदा वाढवलं आणि बेरीज एकच झाली. यालाच रेस म्हणायचं: कोण केव्हा पोचलं यावर निकाल ठरतो. एक्स८६ वर कंपायलर यासाठी कधीकधी मेमरीवर थेट चालणारी एकच 'इन्क' सूचना काढतो. डिसअसेंब्लीत ती बघून निर्धास्त होऊ नका. 'लॉक' उपसर्ग नसेल तर दोन कोअरमध्ये तीही फुटते.

लाल खूण पुसायचे तीन मार्ग आहेत. जागाच वाटून टाका, म्हणजे प्रत्येक कोअरला आपला काउंटर. वाचताना बेरीज करायची. कर्नलमधली पर-सीपीयू व्हेरिएबल्स याचसाठी आहेत. नाहीतर 'ॲटॉमिक_टी' वापरा. दोन्ही जमत नसेल तर गुपचूप लॉक घ्या. ज्या फील्डला एकच लिहिणारा आहे, तिथे ही भानगडच येत नाही, म्हणून पहिला मार्ग मला सगळ्यात आवडतो.

पायरी २: कंपायलरला आवरा

कंपायलर गृहीत धरतो की तुमच्या थ्रेडशिवाय जगात दुसरं कोणी नाही. त्यामुळे हा लूप:

```
व्हाइल (!थांबा)
        सीपीयू_रिलॅक्स_नसलेलं_काहीतरी_काम;
```

त्या कामात 'थांबा'ला कुणी हात लावत नाही असं कंपायलरला दिसलं, तर तो 'थांबा' एकदाच वाचून रजिस्टरमध्ये ठेवू शकतो. दुसऱ्या कोअरने नंतर १ लिहिलं तरी लूप चालूच. उलटही घडतं: तुम्ही पॉइंटर एकदाच वाचून स्थानिक व्हेरिएबलमध्ये ठेवला, 'नल' नाही हे तपासलं आणि मग वापरला, कंपायलर तो मेमरीतून दोनदा वाचू शकतो, आणि दुसऱ्या वेळी तो 'नल' झालेला असू शकतो.

यावर उपाय 'रीड_वन्स' आणि 'राइट_वन्स'. सामायिक जागेला लॉकशिवाय हात लावाल तिथे प्रत्येक वेळी हे वापरा. मशीन-शब्दाएवढ्या किंवा त्याहून लहान, नीट अलाइन केलेल्या मूल्यासाठी ते एकाच झटक्यात वाचलं-लिहिलं जाईल याची हमी यातून मिळते. ३२ बिटी मशीनवर ६४ बिटी काउंटरला ही हमी नाही. तिथे अर्धा आकडा जुना आणि अर्धा नवा हाती येऊ शकतो. नेटवर्क ड्रायव्हरमधल्या आकडेवारीसाठी 'यू६४_स्टॅट्स_सिंक' याच कारणाने आहे.

जुन्या ट्युटोरियलमध्ये 'ॲक्सेस_वन्स' दिसेल. ते ४.१५ मध्ये काढून टाकलं. आणि व्हेरिएबललाच 'व्होलाटाइल' लावून मोकळं व्हायचा मोह आवरा. कर्नलच्या कागदपत्रांत त्याविरुद्ध स्वतंत्र पान आहे आणि रिव्ह्यूमध्ये पहिला शेरा त्यावरच येईल.

पायरी ३: क्रम जोडीने बांधा

कंपायलर आवरला तरी प्रोसेसर उरतोच. एका कोअरने 'आधी माहिती, मग झेंडा' असं लिहिलं म्हणून दुसऱ्याला ते त्याच क्रमाने दिसेल असं नाही. एक्स८६ बराच शिस्तीचा आहे: तिथे फक्त आधीचं लिहिणं नंतरच्या वाचण्याच्या मागे पडू शकतं. आर्म६४ आणि पॉवरवर मात्र जवळपास काहीही पुढेमागे होतं. म्हणूनच 'माझ्या लॅपटॉपवर चालतं' या वाक्याला इथे किंमत नाही.

इंटरप्ट हँडलर नोंदी टाकतोय आणि एक कर्नल थ्रेड त्या काढतोय, अशी रिंग (गोल फिरणारी रांग) घेऊ. आकार दोनच्या घातात, आणि दोन्ही निर्देशांक चिन्हरहित, नुसते वाढत जाणारे.

```
टाकणारा:
  हेड = रिंग->हेड;
  टेल = एसएमपी_लोड_अक्वायर(&रिंग->टेल);
  जर (हेड - टेल == आकार)
          परत, /* भरली */
  रिंग->खण[हेड & (आकार - १)] = नोंद;
  एसएमपी_स्टोअर_रिलीज(&रिंग->हेड, हेड + १);

काढणारा:
  टेल = रिंग->टेल;
  हेड = एसएमपी_लोड_अक्वायर(&रिंग->हेड);
  जर (हेड == टेल)
          परत, /* रिकामी */
  नोंद = रिंग->खण[टेल & (आकार - १)];
  एसएमपी_स्टोअर_रिलीज(&रिंग->टेल, टेल + १);
```

पहिल्या पायरीचा कागद आठवून हे वाचा. 'हेड' फक्त टाकणारा लिहितो, 'टेल' फक्त काढणारा. स्वतःचा निर्देशांक प्रत्येकजण साधेपणाने वाचतो, कारण तो दुसरा कोणी बदलणारच नाही. दुसऱ्याचा निर्देशांक मात्र अक्वायरने वाचायचा.

रिलीज म्हणजे: याआधी मी जे वाचलं-लिहिलं ते या लिहिण्यानंतर घडणार नाही. अक्वायर म्हणजे: यानंतर मी जे वाचीन-लिहीन ते या वाचण्याआधी घडणार नाही. नवं 'हेड' काढणाऱ्याला दिसलं की खणातली नोंदही त्याला पुरी दिसणार, ही हमी दोघांच्या जोडीतून येते. एकट्या रिलीजला अर्थ नाही. इथेच नवखे अडखळतात: लिहिणाऱ्याकडे बॅरिअर टाकतात, वाचणाऱ्याकडे विसरतात आणि एक्स८६ वर महिनोन्‌महिने काही बिघडत नाही.

'टेल'साठीची दुसरी जोडी लोक अनावश्यक समजतात. ती काढून बघा: काढणाऱ्याने खण वाचून होण्याआधीच नवं 'टेल' बाहेर दिसलं, तर टाकणारा त्याच खणावर नवी नोंद लिहील आणि काढणाऱ्याच्या हाती अर्धी-अर्धी नोंद येईल. रिंग भरलेली असतानाच हे घडतं, म्हणजे नेमकं भार असताना. कर्नलच्या स्वतःच्या उदाहरणात टाकणारा 'टेल' नुसत्या 'रीड_वन्स'ने वाचतो, कारण वाचून अट तपासली आणि त्यानंतर लिहिलं, तर ते लिहिणं वाचण्याच्या आधी जात नाही. पण ही सवलत वाचण्यानंतरच्या लिहिण्यापुरतीच आहे, वाचण्यानंतरच्या वाचण्याला नाही, आणि कंपायलर ती मोडू शकतो. सुरुवातीला अक्वायरच लावा. एक्स८६ वर त्याची साधी 'मूव्ह' सूचना होते, आर्म६४ वर 'एलडीएआर', दोन्ही स्वस्त.

'हेड' आणि 'टेल' वेगवेगळ्या कॅश लाइनवर ठेवा. ६४ बाइटच्या एकाच लाइनीत ते शेजारी बसले, तर दोन कोअर ती लाइन एकमेकांकडून सतत ओढत राहतील आणि लॉक काढून काही मिळालं नाही असं वाटेल. बरोबरच वाटेल.

आणि टाकणारे दोन झाले की ही रिंग मोडली. तुमच्या उपकरणाला इंटरप्टच्या एकाहून जास्त ओळी असतील आणि त्या वेगवेगळ्या कोअरवर वाजत असतील, तर टाकणारे दोन आहेत, हँडलरचं फंक्शन एकच असलं तरी. प्रत्यक्ष कामात ही रिंग स्वतः लिहू नका. कर्नलमध्ये 'केफिफो' तयार आहे आणि तिची अटही हीच, एक टाकणारा आणि एक काढणारा.

पायरी ४: जिथे अक्वायर-रिलीज पुरत नाही

आता एक्स८६ वरही फसणारा प्रकार. थ्रेडला काम नसेल तर झोपायचंय, आणि काम आलं की कोणीतरी उठवायचंय.

```
झोपणारा:                          उठवणारा:
  माझी अवस्था = झोप;                 काम_आहे = १;
  जर (!काम_आहे)                     जर (त्याची अवस्था == झोप)
          शेड्यूल();                          उठव();
```

दोघेही आपलं लिहून दुसऱ्याचं वाचतात. लिहिलेलं मूल्य थोडा वेळ कोअरच्या स्टोअर बफरमध्येच पडून राहिलं आणि वाचणं आधी झालं, तर झोपणाऱ्याला काम दिसत नाही, उठवणाऱ्याला झोप दिसत नाही. थ्रेड झोपला तो झोपलाच. अक्वायर-रिलीज इथे निरुपयोगी, कारण 'आधी लिही, मग वाच' हा क्रम ती जोडी बांधतच नाही. दोन्ही बाजूंना पूर्ण बॅरिअर लागतो, म्हणजे 'एसएमपी_एमबी'.

कर्नलमध्ये तो आधीच पेरलेला आहे. 'सेट_करंट_स्टेट'च्या आत तो आहे आणि 'वेक_अप_प्रोसेस' अवस्था वाचण्याआधी तो घेतो. म्हणून क्रम नेहमी असाच: आधी अवस्था बदला, मग अट तपासा. उलट केलंत तर बॅरिअर असून उपयोग नाही. शक्य असेल तिथे सरळ 'वेट_इव्हेंट' वापरा, ते हे सगळं सांभाळतं. पण स्वतःच्या कोडमध्ये 'आपलं लिही, त्याचं वाच' ही आकृती दोन्ही बाजूंना दिसली, की हातातलं काम थांबवून पूर्ण बॅरिअरचा विचार करा.

ॲटॉमिक क्रियांबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकू. 'ॲटॉमिक_इन्क' फुटत नाही, पण तो कोणताही क्रम बांधत नाही. जुनं किंवा नवं मूल्य परत देणाऱ्या क्रिया, उदाहरणार्थ 'ॲटॉमिक_इन्क_रिटर्न', पूर्ण क्रम बांधतात, नावाच्या शेवटी 'रिलॅक्स्ड', 'अक्वायर' वा 'रिलीज' नसेल तर. आणि फसलेला 'कम्पेअर-एक्स्चेंज' (अपेक्षित मूल्य सापडलं तरच नवं बसवणारी क्रिया) काहीच बांधत नाही.

पायरी ५: कम्पेअर-एक्स्चेंजचा सापळा

दुव्यांच्या यादीच्या माथ्यावर टाकणं-काढणं कम्पेअर-एक्स्चेंजने करायचं तंत्र जुनं आहे. आयबीएममधल्या ट्रायबर यांनी ते १९८६ मध्ये मांडलं. टाकण्याची बाजू निर्धोक आहे. एकेक नोड काढण्याच्या बाजूत मात्र एबीए नावाची रेस दबा धरून असते.

माथ्यावर 'अ', त्याखाली 'ब'. एका कोअरने वाचलं: माथा 'अ', पुढचा 'ब'. तो कम्पेअर-एक्स्चेंज करणार एवढ्यात इंटरप्ट आला. तेवढ्यात दुसऱ्या कोअरने 'अ' काढला, 'ब' काढून मोकळा केला आणि 'अ' पुन्हा टाकला. पहिला कोअर परत येतो, माथा अजून 'अ'च दिसतो, तुलना जुळते आणि तो माथ्यावर 'ब' बसवतो. 'ब'ची मेमरी एव्हाना दुसऱ्याच कुणाची झालेली.

सगळ्यात सोपी सुटका म्हणजे एकेक काढूच नका. कर्नलच्या 'एललिस्ट'मध्ये 'एललिस्ट_डेल_ऑल' एका एक्स्चेंजमध्ये अख्खी यादी उचलतो. तुलनाच नाही, त्यामुळे एबीएही नाही. कितीही टाकणारे आणि कितीही उचलणारे चालतात. 'एललिस्ट_डेल_फर्स्ट'ला मात्र एका वेळी एकच काढणारा हवा, नाहीतर काढणाऱ्यांमध्ये लॉक. दुसरा उपाय पॉइंटरसोबत वाढता क्रमांक ठेवून दोन्हींची एकत्र तुलना करणं. कर्नलमध्ये मेमरी वाटणाऱ्या स्लब ॲलोकेटरने आपल्या जलद मार्गावर बरीच वर्षं हेच केलं. पण तो कोड पहिल्या प्रयत्नात नक्कल करण्याजोगा नाही.

पायरी ६: मेमरी केव्हा मोकळी करायची

लॉक-फ्री कोडमधला खरा अवघड प्रश्न हाच: यादीतून वस्तू काढली, पण कोणीतरी ती अजून वाचत असेल तर? लिनक्सचं उत्तर आरसीयू (रीड-कॉपी-अपडेट), ऑक्टोबर २००२ मध्ये २.५.४३ पासून कर्नलमध्ये. वाचणारा 'आरसीयू_रीड_लॉक' आणि 'आरसीयू_रीड_अनलॉक' यांच्यामध्ये वाचतो. बदलणारा नवी प्रत बनवतो, पूर्ण भरतो, 'आरसीयू_असाइन_पॉइंटर'ने बसवतो आणि जुनी प्रत लगेच मोकळी न करता 'सिंक्रोनाइझ_आरसीयू'ने आधीच्या सगळ्या वाचकांची वाट बघतो. थांबणं परवडत नसेल तिथे 'केफ्री_आरसीयू'.

चुका ठरलेल्या असतात. पॉइंटर 'आरसीयू_डिरेफरन्स'ने घेतला आणि अनलॉकनंतरही वापरला. वाचन-विभागात झोप लागेल असं फंक्शन बोलावलं. त्यासाठी एसआरसीयू वेगळा आहे. एकाच विभागात तोच पॉइंटर दोनदा घेतला, आणि अर्धी फील्ड्स जुन्या प्रतीतली व अर्धी नव्यातली वाचली. एकदाच घ्या आणि स्थानिक व्हेरिएबलमध्ये ठेवा. आणि सर्रास होणारी चूक म्हणजे आरसीयू बदलणाऱ्यांनाही एकमेकांपासून वाचवतो असं समजणं. ते त्याचं काम नाही. बदलणारे दोन असतील तर त्यांच्यात लॉक हवाच.

वस्तू विभागाबाहेर न्यायची असेल तर तिच्या रेफकाउंटवर (ती किती जण वापरताहेत त्याचा आकडा) विभागातच 'रेफकाउंट_इन्क_नॉट_झिरो' करा आणि तो फसला तर 'वस्तू गेली' असं समजून माघार घ्या. साधा 'इन्क' इथे मेलेल्या वस्तूला जिवंत समजेल. ४.११ पासूनचा 'रेफकाउंट_टी' शून्यावरून वाढवलेलं पकडतो आणि आकडा ओलांडून पुन्हा शून्यावर जाऊ देत नाही. 'ॲटॉमिक_टी' यातलं काही करत नाही.

दोन-तीन आकडेच एकत्र वाचायचे असतील, जसं घड्याळाची वेळ, तर आरसीयूऐवजी सीक्वेन्स काउंटर बघा. दादरला इंडिकेटर बदलत असताना वाचलं तर आपण पुन्हा वर बघतो, तसंच: आधी आणि नंतर क्रमांक वाचायचा, बदलला असेल किंवा विषम असेल तर पुन्हा वाचायचं. या पद्धतीत पॉइंटरच्या मागे मात्र जाऊ नका. पुन्हा वाचायची संधी मिळण्याआधीच तो कुठेतरी नेऊन आपटेल.

पायरी ७: रेस बाहेर काढा

चालवून बघणं पुरत नाही. 'डर्टी काउ' म्हणून गाजलेली रेस २००७ च्या २.६.२२ पासून कर्नलमध्ये होती आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये दुरुस्त झाली. तो लॉक-फ्री कोडही नव्हता.

लॉकच्या चुका शोधणाऱ्या 'लॉकडेप'ला तुमच्या कोडमध्ये काही दिसणार नाही, कारण लॉकच नाहीत. तुमचं हत्यार केसीसॅन, ५.८ पासून कर्नलमध्ये, जीसीसी ११ किंवा क्लँग ११ पासून पुढे. तो काही निवडक वाचन-लेखनांवर पाळत ठेवतो, त्या जागी मुद्दाम किंचित थांबतो आणि तेवढ्यात दुसऱ्या कोअरने त्याच जागेला हात लावला तर दोन्ही फंक्शनांची नावं व स्टॅक छापतो. सोबत वेगळ्या बांधणीत केसॅन चालवा. मोकळी केलेली मेमरी वापरली तर तो पकडतो. आरसीयूसाठी 'प्रूव्ह_आरसीयू' चालू ठेवा.

केसीसॅनचा अहवाल आला की त्या ओळीला 'रीड_वन्स' चिकटवून तोंड बंद करायची घाई नको. कागदावर परत जा. क्रमाची चूक असेल तर 'रीड_वन्स'ने फक्त अहवाल गायब होतो, रेस तिथेच. केवळ अंदाजे आकडेवारी दाखवायची म्हणून केलेलं वाचन असेल तर 'डेटा_रेस' मॅक्रो वापरा आणि कारण शेजारी लिहा.

हार्डवेअरही बदला. रास्पबेरी पाय ४ मध्ये कॉर्टेक्स-ए७२ चे चार कोअर आहेत आणि ते सूचना मागेपुढे करतात. पाय ३ चे ए५३ कोअर क्रमानेच चालतात, म्हणून तो या कामाला कमी उपयोगाचा. एक्स८६ वर क्यूईएमयूमध्ये (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) आर्म चालवून 'आर्मवर तपासलं' म्हणू नका. खालचा प्रोसेसर एक्स८६ च असल्याने आर्मचा सैलपणा तिथे दिसत नाही.

बॅरिअरबद्दल शंका उरलीच तर कर्नलच्या 'टूल्स/मेमरी-मॉडेल' फोल्डरमध्ये जा. ४.१७ पासून तिथे कर्नलचं मेमरी मॉडेल आहे. आपली आकृती दहा-पंधरा ओळींच्या लिटमस चाचणीत उतरवा आणि 'हर्ड७'ला विचारा: हा नको असलेला निकाल शक्य आहे का? तो सगळ्या शक्यता तपासून 'कधीच नाही', 'कधीकधी' किंवा 'नेहमी' असं उत्तर देतो. बॅरिअर एकेक काढून पुन्हा चालवा. काढूनही उत्तर 'कधीच नाही' राहिलं तर तो बॅरिअर फाजील आहे.

पायरी ८: पॅच पाठवताना

प्रत्येक बॅरिअरशेजारी टिप्पणी हवी, नसेल तर पॅच तपासणारी 'चेकपॅच' स्क्रिप्ट स्वतःच कुरकुर करते. 'क्रमासाठी बॅरिअर' ही टिप्पणी नव्हे. त्याचा जोडीदार कोणत्या फंक्शनमध्ये आहे आणि दोघं मिळून कोणत्या दोन जागांचा क्रम बांधतात, हे लिहा:

```
/* काढ_नोंद() मधल्या अक्वायरची जोडी:
 * खण भरल्यानंतरच नवं हेड दिसावं. */
```

पॅचच्या वर्णनात रेस दुरुस्त केली असेल तर पहिल्या पायरीसारखे दोन रकाने काढा, डावीकडे कोअर ०, उजवीकडे कोअर १, आणि घटना वरून खाली. कर्नलच्या इतिहासात अशी वर्णनं ढिगाने सापडतील. मेंटेनर आधी तेच वाचतो, आणि रकाने जमले नाहीत तर पॅच परत येतो.